अंतर्गळ, आंत्रपुच्छ आणि एक टाचणी

वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांस इतिहास म्हटला की पानिपत, वसईचा वेढा, आग्र्याहून सुटका असे काहीतरी डोळ्यांपुढे उभे राहते. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत त्यात लढाया नाहीत, तह नाहीत, आणि कोणाचे तख्तही उलथत नाही. त्यात आहे अकरा वर्षांचा एक दुखणाईत मुलगा, पंचावन्नच्या घरातला एक शस्त्रवैद्य आणि एक टाचणी. विषयही असा की, चारचौघांत तो निघाला म्हणजे माणसे आवाज खाली आणतात. जांघेत उतरलेले आतडे, म्हणजे आपल्याकडे ज्याला अंतर्गळ म्हणतात आणि डॉक्टर मंडळी ज्याला हर्निया म्हणतात, त्याच्या एका दुर्मीळ प्रकाराची ही हकिगत आहे. आम्ही तिच्याकडे वळलो ते तिच्यातील विचित्रपणामुळे. पण जसजसे वाचीत गेलो तसतसे आम्हांस दिसून आले की, ज्ञान म्हणजे काय आणि ते मिळण्यास इतका उशीर का लागतो, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर या लहानशा हकिगतीत दडलेले आहे.

प्रथम शरीराची थोडी ओळख करून घेऊ. पुरुषाचे वृषण आरंभी पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी जांघेतील एका अरुंद वाटेने खाली उतरतात. ते उतरल्यावर मागची वाट बुजावी असा निसर्गक्रम आहे. कित्येक मुलांत ती बुजत नाही. मग रडताना, खोकताना पोटातला दाब वाढला की आतड्याचा एखादा वेढा त्या वाटेने खाली येतो आणि जांघेत फुगवटी दिसू लागते. उतारवयात पोटाची भिंत सैल पडली, जड ओझी उचलावी लागली, जुनाट खोकला मागे लागला, तर मोठ्या माणसांतही तोच प्रकार होतो. खाली उतरणारा भाग बहुधा लहान आतड्याचा असतो, किंवा आतड्यांवर पदरासारखा झुलणारा चरबीचा पडदा असतो.

आता आंत्रपुच्छ. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मोठे आतडे सुरू होते तेथे एक पिशवी असते आणि त्या पिशवीला करंगळीहून बारीक अशी एक शेपटी लोंबते. तीच अपेंडिक्स. ती सुजली म्हणजे होणारे दुखणे आज शाळकरी मुलालाही ऐकून ठाऊक असते. हीच शेपटी कधीकधी पोटातली आपली जागा सोडून उजव्या जांघेतील अंतर्गळाच्या पिशवीत येऊन बसते. अंतर्गळाच्या शंभर रोग्यांत असा एखादा सापडतो, किंवा तोही सापडत नाही. आणि तेथे बसलेली ती शेपटी सुजली आहे, पिकली आहे, असा रोगी तर हजारांत एखादाच.

अंतर्गळ हा रोग काही नवा नाही. सुश्रुतसंहितेत वृद्धी नावाच्या सात विकारांची गणना आहे आणि त्यांत शेवटी अंत्रवृद्धी येते. आतडे जांघेशी येऊन गाठीसारखे राहते, उपेक्षा केल्यास कालांतराने अंडकोशात उतरते, दाबले असता आवाज करीत वर जाते आणि सोडताच पुन्हा फुगते, असे तिचे वर्णन ग्रंथकाराने केले आहे. हे वर्णन आजच्या डॉक्टरनेही मान्य करावे इतके नेमके आहे. गाठ जांघेतच असेल तर अर्धचंद्राकृती सळईने डाग द्यावा, पण आतडे अंडकोशात उतरले असल्यास रोग असाध्य समजावा, असे सुश्रुताचे मत होते. ज्या ग्रंथाने नाक नव्याने बसविण्याची कृती सांगितली, त्यानेच येथे हात जोडले. याचे कारण उघड आहे. पोट उघडणे हे प्राचीन शस्त्रवैद्यांच्या दृष्टीने जिवावरचे काम होते.

युरोपात तरी अठराव्या शतकापर्यंत स्थिती निराळी कुठे होती? तेथे अंतर्गळ कापणारे फिरते लोक गावोगाव हिंडत. त्यांच्यातील कित्येकांची रीत अशी की, गाठीबरोबर त्या बाजूचे वृषणही कापून टाकावयाचे. मोठ्या शहरांतले जाणते शस्त्रवैद्य या धंद्यापासून दूर राहत. ते पट्टा बांधावयास देत आणि रोग्याला जपून राहण्यास सांगत. आतडे अडकले आणि जीव जाण्याची वेळ आली तरच ते सुरी हाती घेत. गुंगीचे औषध नव्हते. जंतू हा शब्दही वैद्यकात आला नव्हता. इंग्लंडात तर शस्त्रवैद्य आणि न्हावी यांचा संघ १७४५ सालापर्यंत एकच होता.

अशा काळातला आपला कथानायक क्लॉडियस अमियंड. जन्माने तो फ्रेंच. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्याचे फर्मान रद्द केले तेव्हा जी हजारो कुटुंबे देशोधडीला लागली, त्यांत अमियंडचे कुटुंब होते. निर्वासिताचा हा मुलगा लंडनमध्ये वाढला, शस्त्रविद्येत निपुण झाला, १७१६ साली रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला आणि पुढे दुसऱ्या जॉर्ज राजाचा मुख्य शस्त्रवैद्य झाला. देवी टोचण्याची चाल तुर्कस्तानातून इंग्लंडात नुकतीच आली होती. आपल्याकडे बंगाल्यात ती होतीच. १७२२ साली राजघराण्यातील दोन राजकन्यांना देवी टोचण्याचे धाडसाचे काम झाले, तेही अमियंडच्याच हातून. हायड पार्कच्या कोपऱ्यावर १७३३ साली सेंट जॉर्ज रुग्णालय स्थापन झाले तेव्हा तेथील पहिल्या प्रमुख शस्त्रवैद्यांत त्याची नेमणूक झाली. ते रुग्णालय लोकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले असून गरिबांसाठी होते. तेव्हा राजकन्यांना हात लावणारा हाच माणूस वर्गणीवर चाललेल्या या इस्पितळात गोरगरिबांनाही तपाशी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१७३५ साल. इकडे पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन तीनच वर्षे उलटली होती आणि थोरल्या बाजीरावाची दौड उत्तरेकडे चालू होती. तिकडे लंडनमध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात हॅन्व्हिल अँडरसन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला तान्हेपणापासून अंतर्गळ होता. अलीकडे मांडी आणि अंडकोश यांच्यामधून एक नासूर फुटला होता आणि त्यातून पुवाबरोबर मळही वाहत होता. मळ बाहेर येतो त्याअर्थी आतड्याला कोठेतरी भोक पडले आहे, इतके उघड होते. नासूर बरा करावयाचा तर आधी अंतर्गळ बरा झाला पाहिजे, असे अमियंडने ठरविले आणि ६ डिसेंबर १७३५ रोजी त्याने त्या मुलावर शस्त्र चालविले.

आत काय आहे याची त्याला कल्पना नव्हती. पिशवी उघडली तो सर्व भाग एकमेकांस चिकटून गेलेला. आतड्यांवरचा चरबीचा पदर खाली उतरून गोळा झाला होता आणि त्या गोळ्यात एक बारीकशी नळी वेडीवाकडी दुमडून गुरफटली होती. तिला भोक पडले होते आणि भोकातून एका टाचणीचे टोक डोकावीत होते. टाचणीच्या डोक्याकडच्या भागावर दगडी थर चढला होता, म्हणजे ती आत बरेच दिवस मुरलेली असली पाहिजे. मुलाने ती कधीतरी गिळली, ती आतड्यातून वाट काढीत त्या शेपटीत शिरली, ती शेपटी अंतर्गळात उतरलेली होती, आणि तेथे टाचणीने तिचा पडदा फोडला. इतके योगायोग एका मुलाच्या शरीरात जमून आले होते!

ओळखू न येणाऱ्या भागांतून सुरी नेणे म्हणजे अंधारात विहिरीच्या काठाने चालणे. कापता कापता टाचणी मध्ये येई, मळ बाहेर सांडे. ही नळी म्हणजे आंत्रपुच्छ, हे ध्यानात आल्यावर पुढे काय करावे याचा विचार तेथे हजर असलेल्या वैद्यांनी आणि शस्त्रवैद्यांनी मिळून केला. ती कापून टाकावी असे ठरले. अमियंडने भोकाच्या वर, निरोगी भागाभोवती दोरा आवळून गाठ मारली, गाठीच्या खाली नळी कापली आणि उरलेला भाग पोटात परत ढकलला. या सर्व खटाटोपास जवळजवळ अर्धा तास लागला.

हा अर्धा तास आपण घड्याळात मोजू नये. मुलगा पूर्ण शुद्धीवर होता. त्या काळी कुशल शस्त्रवैद्य पाय कापण्याचे कामही काही मिनिटांत उरके, कारण त्याहून अधिक वेळ माणसाला सोसवत नसे. येथे अर्धा तास एका पोराच्या जांघेत सुरी फिरत होती. त्याला ओकाऱ्या झाल्या, शौचास झाले. अफूच्या बोंडांचा पाक मिळाला तो नंतर. अमियंडने लिहून ठेवले आहे की, मुलाने हे मोठ्या धैर्याने सोसले. आणि हे काम त्याला जितके वेदनेचे तितकेच आपणांस कष्टाचे झाले. इतके गुंतागुंतीचे आणि बुचकळ्यात टाकणारे काम आपल्या वाट्याला पूर्वी आले नव्हते, अशी कबुलीही त्याने दिली आहे. राजाच्या मुख्य शस्त्रवैद्याने, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपण गोंधळलो होतो असे छापून प्रसिद्ध करावे, ही गोष्ट आम्हांस त्याच्या हातातील कौशल्याइतकीच मोलाची वाटते.

मुलगा वाचला. महिनाभरात जखम भरली आणि त्याला पट्टा बांधून घरी पाठविण्यात आले. त्याच्या पुढील आयुष्याची हकिगत कोणी लिहिलेली नाही. गरिबांच्या आयुष्यांची लिहिली जात नाही. अमियंडने मात्र १७३६ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन दिले. १७४० साली, म्हणजे ज्या वर्षी रावेरखेडीस बाजीरावाचा अंत झाला त्याच वर्षी, अमियंडही वारला. त्याच्या हातून त्या दिवशी जे घडले ते आज जगातील आंत्रपुच्छ काढण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन म्हणून मानले जाते. त्याला स्वतःला मात्र याची गंधवार्ताही नव्हती.

हाच या हकिगतीचा गाभा आहे. अमियंडने आपल्या लेखाच्या मथळ्यात अंतर्गळ, आंत्रपुच्छातील टाचणी आणि आतड्यांच्या जखमा यांचा उल्लेख केला. त्याला नवल वाटले ते हे, की आतड्याचा तुकडा कापूनही माणूस जगतो. ही शेपटी स्वतःच एका प्राणघातक रोगाचे घर आहे, आणि ती वेळीच काढली तर पोटदुखीने तडफडून मरणारी असंख्य माणसे वाचतील, हा विचार त्याच्या मनास शिवला नाही. शिवणार तरी कसा? त्याच्या दृष्टीने अपराध टाचणीचा होता, शेपटीचा नव्हे. वस्तू बोटांत आली होती, पण तिला ठेवावयास मनात कोनाडा नव्हता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये रने-जाक क्रोआसाँ द गारांझो नावाच्या शस्त्रवैद्याने याच जातीची आणखी एक गोष्ट नोंदविली होती. जांघेच्या खालच्या अंगाला, मांडीत रक्तवाहिन्या शिरतात तेथेही एक चोरवाट असते. तिच्यातून उतरणारा अंतर्गळ स्त्रियांत अधिक आढळतो. त्या अंतर्गळात आंत्रपुच्छ सापडल्याचे त्याने १७३१ साली लिहिले. तेव्हा वरच्या वाटेच्या अंतर्गळाला अमियंडचे आणि खालच्या वाटेच्या अंतर्गळाला गारांझोचे नाव आज चालते. पण गारांझोच्या नोंदीचेही पुढे तेच झाले. ती एक नवलाची गोष्ट म्हणून ग्रंथात राहिली.

यानंतर १७५९ साली मेस्तिव्ये नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने एका माणसाच्या पोटातील उजव्या बाजूचे गळू फोडले. रोगी दगावला, प्रेत तपासले तो आंत्रपुच्छात पुन्हा टाचणीच. तेव्हा पुन्हा दोष टाचणीवर गेला. १८२७ साली मेलिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मृतांच्या तपासणीवरून असे मांडले की, उजव्या कुशीतील या गळवांचे मूळ आंत्रपुच्छातच असते आणि रोग वेळीच ओळखता आला तर शस्त्राने तो बरा करता येईल. हे अगदी खरे होते. परंतु त्या वेळी पॅरिसच्या शस्त्रविद्येत द्युपुइत्रां यांचा शब्द अखेरचा होता, आणि त्यांचे मत असे की, सूज येते ती मोठ्या आतड्याच्या पिशवीला. मोठ्या माणसाचे चुकीचे मत लहान माणसाच्या खऱ्या मतावर किती वर्षे बसून राहते याचे हे उदाहरण आहे. पन्नासाहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत पिशवीच्या सुजेची नावे चालली, आणि तोपर्यंत अनेक रोगी रेचके घेत, शेकत, जळवा लावून घेत मेले.

अखेर १८८६ साली अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक रेजिनाल्ड फिट्झ यांनी शेकडो रोग्यांच्या नोंदी एकत्र करून रोगाची जागा निश्चित केली. त्याला अपेंडिसायटिस हे नाव दिले आणि वेळीच शस्त्र चालवा असे बजावले. फिट्झ स्वतः सुरी धरणारे नव्हते. ते रोगचिकित्सेचे पंडित होते. त्यांनी नवीन असे काही पाहिले नाही. जे दीडशे वर्षे निरनिराळ्या लोकांनी सुटे सुटे पाहिले होते ते त्यांनी एका दोऱ्यात ओवले. मध्यंतरी दोन गोष्टी घडल्या होत्या, त्यांवाचून हा उपदेश वायाच गेला असता. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करता येते हे जगाला दिसले, आणि १८६७ साली लिस्टर यांनी जखम जंतुरहित ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाचा २६ जूनचा राज्यारोहणसमारंभ दोन दिवस आधी अचानक रद्द झाला, कारण राजाच्या पोटात आंत्रपुच्छाचे गळू झाले होते. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी ते फोडून पू काढला, राजा वाचला आणि ९ ऑगस्टला मुकुट धारण करता झाला. त्याआधी दोनच वर्षे ट्रीव्ह्ज यांची स्वतःची कन्या याच विकाराने दगावली होती. ज्ञान घराच्या उंबरठ्यावर येऊनही वेळेवर उपयोगी पडेलच असे नाही, याची ही करुण साक्ष आहे.

अंतर्गळाचे काय झाले तेही सांगून टाकू. इटलीत एदुआर्दो बासिनी नावाचा तरुण गॅरिबाल्डीच्या बाजूने १८६७ साली लढत असता जांघेत संगीन लागून जखमी झाला, आणि त्या जखमेतून त्याला कित्येक महिने मळ वाहणाऱ्या नासुराचा त्रास सोसावा लागला. म्हणजे लंडनच्या त्या मुलाला जे दुखणे टाचणीने दिले तेच याला संगिनीने दिले. हाच बासिनी पुढे पादुआचा प्राध्यापक झाला आणि १८८४ पासून त्याने जांघेतील ती वाट थराथराने शिवून मजबूत करण्याची पद्धत बसविली. आजच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेची परंपरा त्याच्यापासून सुरू होते. ज्या अवयवाचे दुःख त्याने स्वतः भोगले त्याच अवयवाचा तो सर्वांत मोठा जाणकार ठरला.

अमियंडला मात्र फार थांबावे लागले. १९५३ साली पहिल्या आंत्रपुच्छ-शस्त्रक्रियेवरील एका लेखात त्याच्या नावाने या अंतर्गळास ओळखण्याची सूचना झाली, तेव्हा त्या ऑपरेशनला दोनशे अठरा वर्षे झाली होती. आज पिशवीत काय उतरले आहे हे कधीकधी सोनोग्राफीने वा सीटी स्कॅनने आधीच समजते. पण पुष्कळदा अजूनही शस्त्रवैद्याला ते टेबलावरच कळते. मग त्याला तेथल्या तेथे ठरवावे लागते. शेपटी निरोगी असेल तर बहुधा ती जागच्या जागी परत ठेवून नेहमीप्रमाणे कृत्रिम जाळी लावून वाट बंद करतात. ती सुजली वा पिकली असेल तर काढून टाकतात आणि सहसा जाळी टाळतात, कारण पुवाच्या जागी परकी वस्तू ठेवली तर ती नासण्याचे भय. पोटातच पू पसरला असेल तर पोट उघडावे लागते. एकविसाव्या शतकात यासाठी रोग्यांचे चार वर्ग पाडले गेले आहेत. अमियंडला यातले काही एक ठाऊक नव्हते. तरी पिकलेला भाग काढा आणि निरोगी भाग सांभाळा, हा त्या वर्गवारीचा गाभा त्याने हाताने गाठला होता.

मग या इतिहासावरून आपण काय घ्यावे? अमियंडला मोठा द्रष्टा ठरविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तो द्रष्टा नव्हता. त्याने जे पाहिले ते ओळखले नाही. परंतु जे ओळखले नाही तेही त्याने जसेच्या तसे, आपल्या गोंधळासकट, लिहून ठेवले. आपल्याकडे कुशल हातांची वाण कधी नव्हती. १७९२ सालच्या टिपूवरील मोहिमेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा बसविले, आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आले तेव्हा युरोपचे डॉक्टर चकित झाले. त्या कारागिराचे नावदेखील धड कोणी लिहून ठेवले नाही. त्याची विद्या त्याच्या घराण्याबरोबर गेली. तिची नोंद राहिली ती परक्यांच्या कागदावर. हात दोन्हीकडे होते. नोंद एकीकडे राहिली, आणि पुढच्या पिढ्यांची शिडी नोंदीचीच असते.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. आरंभी आम्ही म्हणालो की, या रोगाविषयी माणसे आवाज खाली आणून बोलतात. ही कुजबुज अजून संपलेली नाही. जांघेतली गाठ वर्षानुवर्षे धोतराच्या वा लुगड्याच्या आड लपवून ठेवणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. गाठ दाबून आत जाते तोवर सवड असते. ती एकाएकी दुखू लागली, कठीण झाली, आत जाईना, वर ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ती रात्रही उलटू देऊ नये. त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे जावे. लंडनच्या त्या पोराने शुद्धीवर राहून अर्धा तास जे सोसले ते आज कोणालाच सोसावे लागत नाही. आज आपण सोसतो ती केवळ लाज, आणि ती मात्र आपण होऊन सोसतो.